प्रश्न वाचकांचे: शिरोरेषेतले काप आणि खडूची आउटलाइन

प्रश्न : मोबाइल गेमच्या शीर्षकासाठी देवनागरी फॉन्टचा डिस्टन्स फील्ड अ‍ॅटलास केला. म्हणजे सगळ्या अक्षरांचं एकत्र चित्र, ज्यात रंगाऐवजी कडेपासूनचं अंतर साठवलेलं असतं. नुसती भरलेली अक्षरं उत्तम दिसतात. पिवळ्या अक्षरांना काळी आउटलाइन दिली की मात्र प्रत्येक सांध्यावर शिरोरेषेत काळी उभी रेघ उमटते. फॉन्ट बदलून पाहिला, तरी तेच. (वाचक, नाशिक)

उत्तर : फॉन्ट निर्दोष आहे. रोमन अक्षरांमध्ये फट असते, म्हणून हा दोष तिथे सहसा दिसत नाही. ‘कमळ’ शब्दात तीन ग्लिफ (फॉन्टमधले सुटे अक्षराकार) आणि त्यांच्या शिरोरेषा एकमेकींवर किंचित चढलेल्या. अ‍ॅटलासमध्ये प्रत्येक ग्लिफ एकटाच बसलेला असतो. शेजारी ‘क’ आहे हे ‘म’ला ठाऊक नसतं, त्यामुळे त्याच्या शिरोरेषेचं डावं टोक ही त्याच्या लेखी कडाच. ‘क’ रंगवून झाल्यावर ‘म’ची आउटलाइन त्याच्या पिवळ्या शिरोरेषेवर येऊन बसते.

उपाय दोन फेऱ्यांचा. पहिल्या फेरीत अख्ख्या ओळीचे सगळे ग्लिफ आउटलाइनच्या उंबरठ्यावर काळे काढा, दुसऱ्या फेरीत तेच ०.५ वर पिवळे. (उंबरठा म्हणजे साठवलेल्या अंतराच्या ज्या किमतीपर्यंत रंग भरायचा ती; ०.५ म्हणजे अक्षराची मूळ कडा, आत किंमत वाढते, बाहेर घटते.) ड्रॉ कॉल, म्हणजे चित्र काढायचे आदेश, एकाचे दोन होतात, शीर्षकासाठी ते काहीच नाही. मात्रा, वेलांट्या, रफार स्वतंत्र ग्लिफ म्हणून आले असतील तर तेही याच हिशेबात सुटतात.

आउटलाइन अर्धपारदर्शक असेल तर पहिल्याच फेरीत सांधे दुप्पट गडद होतील. तेव्हा थेट रंग न काढता सगळ्यांची अंतरं शून्याने पुसलेल्या वेगळ्या बफरमध्ये (पडद्याआडच्या चित्रात) ‘मॅक्स’ ब्लेंडने, म्हणजे मोठी किंमत तेवढी ठेवून, लिहा आणि तो बफर एकदाच रंगवा. आतली किंमत मोठी धरली असेल तर दोन आकारांचा संयोग म्हणजे त्यांतली मोठी किंमत. आणि ट्रॅकिंग (अक्षरांमध्ये घातलेलं जादा अंतर) शून्यच ठेवा. अक्षरं ऐसपैस केलीत तर शिरोरेषा खरीच तुटेल, मग शेडर (पिक्सेल रंगवणारा प्रोग्रॅम) काय करणार!

उंबरठ्याचा हिशेब असा. स्प्रेड, म्हणजे कडेपासून जिथवरचं अंतर नोंदलं जातं ती मर्यादा, दोन्ही बाजूंना ८ टेक्सेल (टेक्स्चरचे, म्हणजे साठवलेल्या चित्राचे पिक्सेल) असेल तर एक टेक्सेल अंतर म्हणजे ०.५ ÷ ८ = ०.०६२५. तीन टेक्सेल जाड आउटलाइनला उंबरठा ०.५ − ०.१८७५ = ०.३१२५. स्प्रेडच्या पलीकडची जाडी टेक्स्चरमध्ये नोंदलेलीच नसते, त्यामुळे ती मागितलीत तर आउटलाइन ग्लिफच्या चौकटीवर सरळ कापली जाते. ग्लिफभोवतीचं पॅडिंगही निदान स्प्रेडइतकं हवं.

प्रश्न : मुलांच्या फळ्याच्या अ‍ॅपमध्ये फळांच्या आकारांना खडूची आउटलाइन हवी आहे. डिस्टन्स फील्डवर खडूचं टेक्स्चर कसं बसवायचं? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : डिस्टन्स फील्ड कडेपासूनचं अंतर सांगतं, म्हणजे रेघेच्या रुंदीतली जागा. कडेकडेने किती चाललो हे त्याला माहीत नसतं. खरखरीत कडा एवढंच हवं असेल तर उंबरठा लावण्याआधी अंतरात नॉइज टेक्स्चरची (विस्कळीत ठिपक्यांच्या चित्राची) किंमत मिसळा, वरच्या हिशेबात ०.०६ इतकी पुरे. नॉइज आकाराच्या निर्देशांकांत वाचा. स्क्रीनच्या निर्देशांकांत वाचलात तर आंबा सरकेल आणि खडूचे कण जागीच राहतील.

खडूचा फराटा दिसायला हवा असेल तर कडेवर त्रिकोणांची पट्टीच बांधावी लागते. प्रत्येक बिंदूपाशी लंबदिशेने दोन्हीकडे अर्धी जाडी. टेक्स्चरमधली जागा दोन आकड्यांनी सांगतात, ‘यू’ आणि ‘व्ही’. ‘व्ही’ या काठावर ०, त्या काठावर १. ‘यू’ म्हणजे सुरुवातीपासूनची चाललेली लांबी भागिले टेक्स्चरची लांबी. ‘यू’ला रिपीट (टेक्स्चर पुन्हा पुन्हा), ‘व्ही’ला क्लॅम्प (काठावरच थांबणं).

बंद आकारात नेमकी जोडावर गडबड होते. परिघ ११३० पिक्सेल आणि टेक्स्चर २५६ चं, तर ४.४१ वेळा बसतं. ते ४ करा, म्हणजे प्रत्येक आवर्तन २८२.५ पिक्सेलांचं होईल. पहिला बिंदू शेवटी पुन्हा घ्या आणि तिथे ‘यू’ ४ द्या. तोच शिरोबिंदू ‘यू’ ० सह परत वापरलात तर शेवटच्या तुकड्यात सगळी चार आवर्तनं उलटी चेपून बसतात. आंब्याच्या देठापाशी बारकोडसारखा पट्टा दिसला तर कारण हेच.

वळणावर प्रत्येक चौकोनाच्या कर्णावर टेक्स्चर मोडल्यासारखं दिसेल, कारण दोन्ही त्रिकोण कोपऱ्यांमधल्या किमती आपापल्या परीने काढतात (इंटरपोलेशन). एका तुकड्यात १० अंशांहून जास्त वळू देऊ नका. टेक्स्चर लांबीत ताणलेलं आणि रुंदीत दाबलेलं असेल तर मिपमॅप (टेक्स्चरची लहान केलेली प्रत) रुंदीच्या दाबावरून निवडला जातो आणि खडूचं पीठ होतं. अ‍ॅनआयसोट्रॉपिक फिल्टरिंग (दोन दिशांचा दाब वेगवेगळा धरणारं वाचन) ४ किंवा ८ पट ठेवा.

टोकदार कोपऱ्यात मायटर जोड (बाहेरच्या कडा भेटेपर्यंत वाढवून केलेलं टोक) घातक. २० अंशांच्या कोनात १२ पिक्सेल जाडीच्या रेघेचा जोड ६९ पिक्सेल लांब जातो. एसव्हीजी या चित्र-फॉरमॅटमध्ये मूळ मर्यादा जाडीच्या ४ पट असते, म्हणजे साधारण २९ अंशांखालचे कोन छाटले जातात. खडूसाठी मात्र मायटरच नको. कोपऱ्यावर पट्टी तोडून दुसरी सुरू करा आणि दोन्ही टोकं कोपऱ्याच्या थोडी पुढे जाऊ द्या. फळ्यावर हात उचलून काढलेली रेघ तशीच असते. दोन पट्ट्या एकमेकींवर येतात तिथे गडद ठिपका नको असेल तर इथेही मॅक्स ब्लेंड चालतो.

प्रश्न : डिस्टन्स फील्डची अक्षरं एंजिनमध्ये आणली की हडकुळी होतात. (वाचक, ठाणे)

उत्तर : टेक्स्चरवर एसआरजीबीची खूण राहिली आहे, म्हणजे एंजिन त्यातल्या किमती रंग समजून वाचताना बदलतं. साठवलेलं ०.५ वाचताना ०.२१४ होतं, त्यामुळे कडा १२८ ऐवजी १८८ या किमतीवर सापडते. ८ टेक्सेल स्प्रेडमध्ये हे जवळजवळ ४ टेक्सेल आत सरकणं झालं. खूण काढा. सोबत कॉम्प्रेशनही बंद करा, त्याच्या ४ × ४ च्या ठोकळ्यांनी कडा दातेरी होतात. एका चॅनलचं १०२४ × १०२४ टेक्स्चर फक्त १ एमबी भरतं.