पॉवर कॉर्ड सगळ्या एकसारख्या वाजतात, वेगळेपणा कसा आणायचा?

कोल्हापुरात युवा महोत्सवासाठी बँड बसवताय आणि गिटारच्या तक्रारी दोन आहेत: डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाटका करणारा इफेक्ट) लावलं की नको त्या तारा घोंगावतात, आणि प्रत्येक पॉवर कॉर्ड मागच्यासारखीच वाटते. पहिली सुटल्याशिवाय दुसरी सुटत नाही, म्हणून आधी तारा गप्प करू.

जी-5 ही पॉवर कॉर्ड धरा, म्हणजे जी हा सा आणि त्याचा प. सहाव्या, म्हणजे सगळ्यात जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटला (मानेवरच्या आडव्या पट्टीला) तर्जनी, पाचव्या तारेवर पाचव्या फ्रेटला अनामिका, चौथीवर पाचव्याच फ्रेटला करंगळी. सा, प, वरचा सा. देवल क्लबच्या मैफलीत तंबोऱ्यावर ऐकलेली जोडी हीच. गंधार नसल्यामुळे ती मेजरही नाही आणि मायनरही. तो गाळण्याचं कारण डिस्टॉर्शनमध्ये आहे. फ्रेटवरचा पंचम नैसर्गिक पंचमापेक्षा जेमतेम 2 सेंट (एका फ्रेटचे 100 सेंट) उतरलेला असतो, पण फ्रेटवरचा शुद्ध गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा जवळजवळ 14 सेंट चढलेला. साध्या आवाजात हे खपतं. डिस्टॉर्शनमध्ये मात्र सुरांच्या बेरीज-वजाबाकीतून नवे सूर निघतात आणि गंधार असला की त्यांचा चिखल होतो. सा-प मधली वजाबाकी नेमकी एक सप्तक खालच्या सा वर पडते, म्हणून दोनच तारा एवढ्या भरीव वाटतात.

आता डावा हात. तर्जनी टोकावर उभी करू नका. जरा आडवी ठेवून तिच्या पोटाने तीन बारीक तारांना नुसता स्पर्श करा, दाबू नका. मूळ सूर पाचव्या तारेवर असेल तर तर्जनीचं टोक सहाव्या तारेला टेकलं पाहिजे. मग सहाही तारा बिनधास्त छेडा: तीन वाजल्या आणि बाकीच्यांतून नुसतं टकटक आलं की जमलं. पाचव्या आणि सातव्या फ्रेटवर मात्र एकाच बोटाच्या हलक्या स्पर्शाने हार्मोनिक वाजतो, म्हणजे तार न दाबता निघणारा शिट्टीसारखा सूर. तिथे अनामिका-करंगळीची पोटंही बारीक तारांवर टेकवा. आणि गेन (डिस्टॉर्शन कमी-जास्त करणारं बटण) निम्म्यावर आणा; निम्मी घोंघों तिथेच जाते. नवशिक्यांचा गेन नेहमी जास्तच असतो.

उजव्या तळहाताची कड ब्रिजला (तारा जिथे गिटारच्या अंगावर टेकतात तिथे) लागून ठेवली की पाम म्यूट, म्हणजे दबका आवाज, मिळतो. कड पुढे सरकली तर तार मेल्यासारखी वाजते, मागे गेली तर काहीच फरक पडत नाही. ई-5 ची एकच कॉर्ड घ्या (सहावी तार मोकळी, पाचवी-चौथी दुसऱ्या फ्रेटला), मेट्रोनोम 80 वर, प्रत्येक ठोक्याला दोन डाउनस्ट्रोक (वरून खाली छेड), सगळे पाम म्यूट करून. केहरव्यासारखे आठ मोजा आणि 1, 4, 7 वर तळहाताची कड उचला. कॉर्ड न बदलता रिफ (पुन्हा पुन्हा येणारा छोटा तुकडा) तयार! माझ्या मते हे पक्कं होईपर्यंत नवे आकार शोधू नयेत.

त्यानंतर एकेक सूर हलवा. जी-5 मधली सहावी तार सोडून पाचवी-चौथी एकाच बोटाने पाचव्या फ्रेटला दाबा: प खाली, सा वर. आवाज हलका होतो आणि बासवाला सा धरून असेल तर फारच छान बसतो. उलट जड हवं असेल तर सी-5 ला सहाव्या तारेवरचा तिसरा फ्रेटही तर्जनीने आडवा दाबा. जाड तारेकडून 3-3-5-5. जी-5 मध्ये करंगळी चौथ्या तारेवर सातव्या फ्रेटला नेली की वरच्या सा ऐवजी रे येतो, मोकळा आणि थोडा अधांतरी. इथे बोटं ताणतात, म्हणून हाच आकार आधी सातव्या फ्रेटपासून धरून बघा, तिथे फ्रेट जवळजवळ असतात. रॉक अँड रोलची चाल हवी असेल तर पाचवी तार मोकळी ठेवून चौथीवर दुसरा फ्रेट, चौथा फ्रेट आलटून पालटून: प, ध, प, ध.

ड्रॉप डी म्हणजे फक्त सहावी तार ई वरून डी ला उतरवायची. मग जाड तीन तारा एका बोटाने दाबल्या की पॉवर कॉर्ड. सहाव्या तारेवरचे सगळे सूर मात्र दोन फ्रेट वर सरकतात, जी आता पाचव्यावर. तारांचा 9-42 चा संच (सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) असेल तर ती तार सैल पडते आणि जरा जोरात दाबली की सूर चढतो, 10-46 लावा. संच बदलल्यावर इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर नेमका लागतो का ते) तपासून घ्या, बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर आणि तिथलाच हार्मोनिक ट्यूनरवर एकच आला पाहिजे.