तुरुंगाचं स्पेलिंग जी-ए-ओ-एल कसं?

नाशिकरोडच्या एका वाचकांचा प्रश्न आहे: आजोबांच्या वेळच्या इंग्रजी कोर्टकागदात तुरुंगासाठी जी-ए-ओ-एल असं लिहिलंय, ही कारकुनाची चूक का? आणि असं जुनं स्पेलिंग आज वापरलं तर चालेल का?

चूक अजिबात नाही. उच्चारही ‘जेल’च. हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत दोन वाटांनी आला. नॉर्मंडीकडच्या बोलीत त्याच्या सुरुवातीला ‘ग’ होता, पॅरिसकडच्या बोलीत ‘ज’. लोकांच्या तोंडी पॅरिसचा ‘ज’ बसला आणि सरकारी कागदावर नॉर्मंडीचा जी ठाण मांडून राहिला. लिहायचं एका घरचं, बोलायचं दुसऱ्या घरचं! ब्रिटिश कारभारात हे विसाव्या शतकातही चालू होतं, म्हणून ते तुमच्या आजोबांच्या कागदात आलं. घाईत मधली दोन अक्षरं उलटी पडली की तुरुंगाचा ‘गोल’ होतो, ती मात्र खरी चूक.

त्याच कागदांत ‘शो’साठी एस-एच-ई-डब्ल्यू किंवा ‘कनेक्शन’मध्ये सी-टीच्या जागी एक्स दिसला तरी दचकू नका. एक्सवालं रूप तर मूळ लॅटिनला जास्त जवळचं. डोळ्याला खटकतं ते अशुद्ध, हा हिशेब इंग्रजीत फारसा जमत नाही. ‘ऑर्गनाइझ’मध्ये झेड लिहिला की आपल्याकडे ‘हे अमेरिकन’ म्हणून लाल शाई फिरते. पण ऑक्सफर्डचे कोश झेडच पुढे ठेवतात, कारण तो प्रत्यय ग्रीकमधून आलेला आहे. अमेरिकन म्हणावं ते ‘कलर’मधला यू गाळणं. 1828 साली कोश काढणाऱ्या नोआ वेब्स्टर यांनी ते तिकडे रुजवलं. जिभेचं स्पेलिंगही टी-यू-एन-जी असायला हवं, असं त्यांचं मत होतं. ते कोणी मनावर घेतलं नाही.

आता वापराचं. जुना कागद उतरवून घेत असाल तर आहे तसंच लिहा, सुधारायला जाऊ नका. स्वतःच्या लिखाणात सरळ जे-ए-आय-एल लिहा. जुनं रूप लिहिलंत म्हणून कोणी चूक काढू नये, पण वाचणारा तिथे अडखळेल. आणि एका लेखात दोन्ही नकोत.

तुम्ही नाशिकरोडचे, म्हणून शेजारचं एक उदाहरण देतो. देवळाली. साहेबाच्या कानाला आपल्या ‘देव’मधला ‘व’ ओसारखा लागला, म्हणून डी-ई-ओ. येवल्याच्या स्पेलिंगमध्येही तोच ओ बसलाय. ‘ळ’ला तर रोमन लिपीत जागाच नाही, त्यामुळे ‘ळ’ आणि ‘ल’ दोघांनाही एल. हे झालं दप्तरी स्पेलिंग. पण मुदत संपलेले गोरे शिपाई देवळालीच्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत पडून असायचे, कधी कधी महिनोन्महिने. रिकामपणाने त्यांची डोकी फिरायची. त्या अवस्थेला ते ‘डूलॅली टॅप’ म्हणू लागले; टॅप म्हणजे आपला ताप. पुढे ताप गळला, पहिलं कॅपिटल अक्षरही गेलं, आणि डी-ओ-ओ-एल-ए-एल-एल-वाय हा ‘डोकं फिरलेला’ या अर्थाचा शब्द म्हणून इंग्रजी कोशात जाऊन बसला. इंग्लंडमध्ये तो अजून सर्रास वापरतात. वापरणाऱ्या कितीकांना देवळाली नकाशावर दाखवता येईल, कोण जाणे. ऐकून लिहिलेला शब्द, त्यामुळे कुठे एक एल कमी, तर कुठे शेवटी वायऐवजी आय, असंही आढळतं.

आणि खुद्द देवळालीत? कॅन्टोन्मेंट बोर्ड अजून साहेबाचाच ओ लिहितं, रेल्वे स्टेशन मात्र व्ही. दोन्ही अधिकृत. तेव्हा बोर्डाकडे अर्ज करायचा तर ओ लिहा, तिकीट काढायचं तर व्ही.