हस्तिदंत की हाड? आधी बुड बघा

जुनी मूर्ती विकत घेताना पिवळटपणावर आणि वजनावर अजिबात जाऊ नका. चहाच्या पाण्यात बुडवून हाडही जुनं दिसतं. मूर्ती उलटी करा. बुडाशी आडवा छेद असतो, खरी ओळख तिथेच पटते. दहापट भिंग लावा, उजेड तिरका पाडा. हत्तीच्या सुळ्यात एकमेकींना छेदणाऱ्या बारीक कमानदार रेषांची जाळी दिसते. बाहेरच्या कडेजवळ त्यांचा कोन साधारण ११५ अंशांहून मोठा असतो. मॅमथच्या, म्हणजे नामशेष झालेल्या केसाळ हत्तीच्या, सुळ्यात ९० हून लहान. हाडावर काळपट ठिपके, बारीक चरे दिसतात, त्या रक्तवाहिन्यांच्या वाटा. सेल्युलॉइडवर, म्हणजे जुन्या काळच्या प्लास्टिकवर, रेषा असल्या तरी समांतर, एकसारख्या, जाळी नसते. प्लास्टिकच्या मूर्तीत साच्याची शिवण काखेत, कानामागे शोधा.

तापलेली सुई टोचून बघायला कुणी सांगितलं तर ऐकू नका. वस्तू कायमची खराब होते, आणि सेल्युलॉइड भडकन पेटतं.

जाळी दिसली तर मूर्ती परत ठेवा. भारतात हस्तिदंताचा व्यापार १९८६ पासून बंद आहे, आफ्रिकन हस्तिदंताचाही १९९१ पासून. 'आजोबांच्या काळातली आहे' म्हणून विक्रीला सूट मिळत नाही. घरात वारशाने आलेली असेल तर वनखात्याकडे मालकी प्रमाणपत्राची चौकशी करा.