शुगरसाठी गोळ्या बऱ्या की इन्सुलिन? डॉक्टर सुई म्हणतात, घरचे नको म्हणतात

तुम्ही लिहिलंय की आईंच्या गोळ्या दहाएक वर्षं चालू आहेत, तीन महिन्यांची सरासरी शुगर (HbA1c) आता १० टक्क्यांच्या वर गेलीय, डॉक्टर इन्सुलिन सुरू करू म्हणतात आणि घरातले सगळे म्हणतात, हवं तर आणखी एक गोळी वाढवा पण सुई नको. डॉक्टर म्हणत असतील तर सुरू करा. उगाच लांबवू नका.

गोळ्या बहुतेक वेळा शरीरात जे शिल्लक आहे त्याच्या जोरावर काम करतात. मेटफॉर्मिन यकृतातून रक्तात येणारी साखर कमी करते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी स्वादुपिंडाला ढोसून त्याच्याकडचं इन्सुलिन, म्हणजे रक्तातली साखर आटोक्यात ठेवणारं द्रव्य, बाहेर काढते. डापाग्लिफ्लोझिन जादा साखर लघवीवाटे घालवते. पण स्वादुपिंडातच दम उरला नसेल तर ढोसून काय निघणार? विहीर आटल्यावर मोटार बदलून पाणी येत नाही. ब्रिटनमध्ये यूकेपीडीएस नावाचा मोठा अभ्यास १९७७ मध्ये सुरू झाला, निष्कर्ष १९९८ मध्ये आले. त्यात दिसलं की आजार सापडतो तेव्हाच स्वादुपिंडाची साधारण निम्मी ताकद गेलेली असते आणि औषधं चालू असूनही ती पुढे घटत जाते. त्यामुळे दहा वर्षांनी गोळ्या पुरेनाशा झाल्या तर तो आईंच्या पथ्याचा दोष धरू नका, आणि घरात कुणाला धरूही देऊ नका.

एवढं तावातावानं लिहितेय कारण हाच वाद आमच्या घरात वर्षानुवर्षं चालला. मी नाशिकला पंचवटीत राहते, माहेर दिंडोरी तालुक्यातलं, द्राक्षबागायतदार. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, डॉक्टरांनी इन्सुलिन सांगितलं तेव्हा घरात शब्द चालायचा काकांचा. काका म्हणाले, सुई एकदा लागली की सुटत नाही आणि सुई लागलेला माणूस फार दिवस काढत नाही. गावातल्या माणसांची नावंही त्यांनी घेतली. मी म्हटलं, "काका, त्या सगळ्यांना सुई कधी लागली ते सांगा ना. किडनी गेल्यावर, पाय काळा पडल्यावरच ना?" लेकीनं लग्नानंतर माहेरच्या कारभारात बोलू नये, एवढंच उत्तर मिळालं. अण्णांच्या गोळ्या वाढल्या, सोबत काकांनी कुठूनसं आणलेलं चूर्ण सुरू झालं.

द्राक्षांची ऑक्टोबरची गोडी छाटणी चालली होती. छाटलेल्या काड्या बागेत पडलेल्या असतात, तिरप्या कापलेल्या, टोकं सुरीसारखी. त्यातली एक अण्णांच्या चपलेतून वर आली आणि अंगठ्याशेजारच्या बोटात घुसली. त्यांना कळलंच नाही. वाढलेल्या शुगरनं पायाच्या नसा आधीच बधिर केल्या होत्या. संध्याकाळी हातपाय धुताना आईनं चप्पल पाहिली, आतून रक्तानं चिकट झालेली. त्यावर हळद बांधली गेली. मला फोन आला तोवर पाऊल सुजून चकाकत होतं आणि वास येत होता.

नाशिकला आणून भरती केलं. शुगर ४०० च्या वर, तीन महिन्यांची ११.५. इन्सुलिन लगेच सुरू झालं, कारण अंगात एवढा जंतुसंसर्ग असताना गोळ्यांच्या भरवशावर राहता येत नाही. जखम साफ केली, तरी आठवड्याच्या आत बोट काढावं लागलं. पाय वाचला.

आणि गावात काय पसरलं? सुई लावली आणि आठवड्यात बोट गेलं! काका आजही लग्नाकार्यात हेच सांगतात. माझं सगळं भांडण इथंच आहे. लोक इन्सुलिन अगदी शेवटी सुरू करतात, तोवर डोळे, किडनी, पाय यांचं नुकसान होऊन बसलेलं असतं आणि मग नाव इन्सुलिनचं जातं. तुमच्या घरचे ज्यांची उदाहरणं देत असतील, त्यांचीही तारीखवार चौकशी करून बघा.

सुई सुटत नाही हेही सरसकट खरं नाही. अण्णांची जखम भरल्यावर डॉक्टरांनी जेवणाआधीची इन्सुलिनं एकेक करत बंद केली. आता रात्रीचं एक आणि मेटफॉर्मिन एवढंच आहे. काहींचं पूर्ण बंदही होतं. आणि समजा आयुष्यभर घ्यावं लागलं, तर गोळ्याही आयुष्यभरच घेत होतो की! १९२२ साली टोरांटोमध्ये लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन दिलं. तोवर मधुमेहाची मुलं उपाशी ठेवून जेमतेम जगवली जात. त्या औषधाला आमच्याकडे मरणाची चिठ्ठी म्हणतात, याचा मला फार राग येतो.

टोचण्याची भीती बाळगू नका. इन्सुलिनच्या पेनची सुई ४ मिलिमीटरचीही मिळते, बोटातून रक्त काढताना त्याहून जास्त दुखतं. फक्त पोटावर रोज जागा बदलायची, नाहीतर गाठी होतात. न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्याजवळ अजिबात नाही. मळ्यात लाइटचा भरवसा नाही म्हणून आईनं मोठ्या मडक्यात ओली वाळू भरून त्यात छोटं मडकं बसवलंय. बाटली डबीत घालून त्या छोट्या मडक्यात असते, वर ओलं फडकं. उघडलेली बाटली साधारण चार आठवड्यांत संपवायची. आणि सिरिंज नीट बघून घ्या. आपल्याकडच्या बाटल्यांत बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिट असतात, पेनमधल्यात १००. ४० च्या सिरिंजनं १०० चं इन्सुलिन भरलं तर अडीचपट डोस जातो.

तोटेही आहेत. वजन थोडं वाढतं, शुगर एकदम उतरू शकते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली की मीटरवर बघा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. पण असं ग्लिमेपिराइडनंही होतं, तेव्हा कुणी गोळी बंद करा म्हणत नाही.

माझं म्हणणं टाइप २ पुरतं, म्हणजे बहुतेक मोठ्या वयात होणाऱ्या मधुमेहापुरतं आहे. टाइप १ मध्ये शरीरात इन्सुलिन जवळपास बनतच नाही, त्याला इन्सुलिनशिवाय इलाजच नाही. निदान नवं असेल, आकडा थोडाच वर असेल तर गोळ्यांवर छान भागतं, तिथं सुईचा हट्ट मीही धरणार नाही. शिवाय हल्ली आठवड्याला एकदा घ्यायची काही इंजेक्शनं आहेत ती इन्सुलिन नव्हेत, ती आईंना चालतील का ते डॉक्टरांना विचारा. किडनीचा रिपोर्टही सोबत न्या, कारण किडनी जास्त अधू असेल तर मेटफॉर्मिन बंद करावी लागते. आणि जमलं तर नको म्हणणाऱ्यांपैकी एकाला बरोबर घेऊन जा. आमचे काका अण्णांबरोबर एकदाही डॉक्टरांकडे आले नव्हते.