क्लच मागवायच्या आधी दाते मोज

'शेवेल ६९ ची, इंजिन ३५०, कुठला क्लच घेऊ?' असं विचारलंस. पण १९६९ ची शेव्हरोले शेवेल (जुनी अमेरिकन गाडी) आणि ३५० घन इंची इंजिन, एवढ्यावरून सांगता येत नाही रे. पन्नास वर्षांत त्या गाडीत कोणी काय काय बदललंय, कोणास ठाऊक! आधी गिअरबॉक्स उतरव आणि इनपुट शाफ्टवरचे, म्हणजे क्लचची डिस्क ज्या दांड्यावर बसते त्यावरचे, दाते मोज. मन्सी गिअरबॉक्स असेल तर जुन्यांना बहुधा १०, १९७१ पासूनच्यांना २६. मग फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या मागचं जड चाक. त्याला १५३ दाते असतील तर साधारण साडेदहा इंची क्लच, १६८ असतील तर ११ इंची.

क्लचची डिस्क साध्या ऑरगॅनिक अस्तराचीच घे. सिरॅमिकवाली रेसला ठीक. सिग्नलवर गाडी उचलताना ती धक्के देते.

रिलीज बेअरिंगकडे (पेडल दाबलं की प्रेशर प्लेटची बोटं दाबतं ते) मात्र नीट बघ, मी तिथेच फसलो होतो. माझी प्रेशर प्लेट (डिस्कला फ्लायव्हीलवर दाबून धरते ती) वाकड्या बोटांची, तिला आखूड बेअरिंग लागतं; मी टाकलं सपाट बोटांचं लांब. सगळं जोडलं, बोल्ट आवळले, पेडल दाबून बघतो तर मोकळी चाल शून्य. रविवार गेला. दोन्ही बेअरिंग टेबलावर शेजारी ठेवली तेव्हा दिसलं, अर्ध्या इंचाहून जास्त फरक!

उघडलंच आहेस तर पायलट बुश (इनपुट शाफ्टचं टोक ज्यात बसतं तो) बदल, तो स्वस्त असतो. फ्लायव्हील घासून घे. आणि ते ४०० इंजिनाचं तर नाही ना, हे तपास. त्यावर बॅलन्सचं वेगळं वजन असतं. ३५० वर बसतं व्यवस्थित, पण गाडी थरथरत राहते.