नव्या नोथोची अंडी घ्यावीत का? नाशिककरांसाठी उत्तर

इंदिरानगरच्या नव्या सदस्यांचा प्रश्न असा: नोथोब्रँकियस अटेनबरोयची अंडी कुरिअरने मिळताहेत, किलीफिश (हे छोटे, रंगीत मासे) पूर्वी पाळलेले नाहीत, घेऊ का? आणि नाशिकच्या उन्हाळ्यात निभाव लागेल का?

उन्हाळ्याची काळजी सोडा. नोथो, म्हणजे नोथोब्रँकियस वंशाचे किलीफिश, हे आफ्रिकेतल्या पावसाळी डबक्यांतले मासे. डबकं भरलं की अंडी फुटतात, पिल्लं झपाट्याने वाढतात, रोज अंडी घालतात आणि डबकं आटलं की मरतात. चिखलातली अंडी तेवढी पुढच्या पावसापर्यंत तग धरतात. नोथोंपैकी फुर्झेरी जातीचे मासे मोझांबिकमध्ये अवघ्या १४ दिवसांत वयात आल्याची नोंद आहे! हे चक्र आपल्याकडे छान बसतं. दिवाळीनंतर अंडी भिजवली की थंडीत मासे वाढतात, मार्चपर्यंत अंडी जमतात आणि मेच्या झळा लागतात तेव्हा पुढची पिढी घरातल्या सगळ्यात गार कपाटात, ओलसर कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) पिशवीत, अंड्यांच्या रूपात असते.

आता अटेनबरोय. टांझानियातल्या सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानातला हा मासा. शास्त्रीय वर्णन २०२४ साली झालं, नाव डेव्हिड अॅटनबरो यांच्यावरून. केनियाच्या गोंगोनी जंगलातला नोथो सिल्व्हॅटिकस त्याहूनही नवा, आणि तो तिथल्या थोड्याशा डबक्यांतच सापडतो. अशा माशांची ओढ मला पुरेपूर कळते. पण राष्ट्रीय उद्यानातून बिनपरवाना मासा उचलता येत नाही. म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न किमतीचा नको, ठिकाणाचा विचारा: कुठल्या डबक्यातला, कुठल्या साली पकडलेला, तुमच्याकडे कुणाकडून आला?

हा काटेकोरपणा उगाच नाही. नोथोचे नर रंगावरून ओळखता येतात, माद्या मात्र बहुतेक जातींच्या सारख्याच करड्या. दोन जातींच्या माद्या एका टाकीत गेल्या की जाणकारही फसतो, आणि एकदा संकर झाला की तो वाण संपला. म्हणूनच पाळणारे जातीच्या नावापुढे ठिकाण लिहितात आणि एकाच जातीचे दोन ठिकाणचे मासेही एकत्र करत नाहीत. फुर्झेरीचा जीआरझेड हा वाण १९६०च्या दशकाच्या अखेरीस झिंबाब्वेच्या गोनारेझोऊ भागातून आला. आजही त्याच नावाने तो म्हातारपणावरच्या संशोधनात वापरला जातो. नव्या, मर्यादित जागेतल्या जातीच्या बाबतीत तर ठिकाणाची चिठ्ठी हरवणं म्हणजे मासा हरवणंच.

तुम्ही सुरुवात झांझिबारच्या गुंथेरी या नोथोपासून करा. तोही वर्षायू (वर्षभरात आयुष्य संपणारा), देखणा आणि चुका पोटात घालणारा. अंडी घालायला टाकीत कोकोपीटचा डबा ठेवा. रोपांच्या नर्सरीत मिळणारी कोकोपीटची वीट चालेल, पण खत मिसळलेली नको. उकळून, धुऊन घ्या. अंड्यांसकट पीट काढलं की जाळीत निथळवा आणि हाताने दाबा. ते ओल्या तंबाखूसारखं मोकळं हवं: थेंब गळू नये, पण बोटांना गारवा लागावा. पिशवी बंद करून वर जात, ठिकाण, तारीख लिहा.

गुंथेरीची अंडी पिशवीत तयार व्हायला साधारण तीन महिने लागतात. पण भिजवण्याची वेळ कॅलेंडर ठरवत नाही, अंडं ठरवतं. चिमूटभर पीट पांढऱ्या बशीत पसरा आणि भिंगातून बघा. मिलिमीटरभर अंड्यात दोन काळे डोळे आणि त्यांभोवती सोनेरी कडं दिसलं की पिल्लू तयार. अंडं अजून काचेसारखं स्वच्छ असेल तर पिशवी बंद करून परत कपाटात! घाई केली की पिल्लांच्या पोटातली हवेची पिशवी भरत नाही आणि ती तळाशी घसटत राहतात; अशी पिल्लं क्वचितच सुधारतात.

भिजवायला १८ ते २० अंशांचं, चार बोटं पाणी पुरे. पिल्लं बहुधा काही तासांत दिसू लागतात आणि पहिल्या दिवसापासून अंड्यातून नुकतेच बाहेर पडलेले आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले बारीक जीव) खातात. वेल्वेट हा परजीवीमुळे होणारा रोग नोथोला पटकन धरतो, म्हणून दर पाच लिटरला चमचाभर जाडं मीठ घालतो मी. मोठ्या माशांना डासांच्या अळ्या आवडतात, पण द्राक्षबागांजवळच्या डबक्यांतल्या आणू नका, फवारणीचं औषध उतरलेलं असतं. आणि जास्तीचे मासे गोदावरीत किंवा ओढ्यात कधीही सोडू नका.

गुंथेरीची एक पिढी तुमच्या हातून नीट निघाली की अटेनबरोयचा विचार करा, तोही विक्रेत्याने वरच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं दिली तर. नोव्हेंबरात माझ्याकडे गुंथेरीची तयार पिशवी असेल. हवी असेल तर इथेच कळवा.