आधी पेटी कपाटावरून खाली काढा

मिरजेहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी दहावीत, सहामाहीला ८६ टक्के. गायनाची मध्यमा परीक्षा पूर्ण झाली आहे, पण तिला वेड बालगीतांचं. स्वतः चाली लावते आणि दर रविवारी गल्लीतली दहा-बारा पोरं अंगणात जमवून शिकवते. वडील लिहितात, “पोरांची गाणी म्हणजे काही गाणं नव्हे. गायचंच तर टीव्हीवरच्या स्पर्धेत उतर म्हटलं, ऐकत नाही. दिवाळीनंतर पेटी (हार्मोनियम) कपाटावर ठेवली, रविवारचं बंद केलं. पाहुणे विचारतात, टीव्हीवर कधी दिसणार? ऑडिशनची तयारी कशी करावी? सायन्स द्यावं की गाण्याची लाइन?”

तुमच्या प्रश्नांकडे येतेच, पण आधी पेटी खाली काढा. ८६ टक्के मिळवणाऱ्या मुलीचा आठवड्यातला एक तास काढून घेतलात, म्हणून तो गणिताला मिळाला असं होत नाही. मन रमत नसेल तर पुस्तक उघडं राहतं आणि पान उलटत नाही. रोज अर्धा तास रियाज आणि रविवारी पाऊण तास पोरं, एवढं दहावीच्या वर्षात सहज बसतं. पूर्वपरीक्षेच्या सुमारास रविवार थांबवायचा का, हे तिला ठरवू द्या. आणि शास्त्रीय गायनाच्या परीक्षांचे दहावीला सवलतीचे गुण मिळतात. प्रस्ताव शाळेमार्फत बोर्डाकडे जातो. प्रमाणपत्रांच्या प्रती शाळेत दिल्या आहेत का, हे उद्याच विचारा. दरवर्षी कितीतरी मुलांचे हे गुण केवळ मुदत चुकल्याने जातात.

मला मार्कांपेक्षा जास्त खटकलं ते पाहुण्यांचं वाक्य. टीव्हीवर दिसण्याची इच्छा पाहुण्यांची आणि तुमची आहे. मुलीला काय हवंय याचा पत्रात एक शब्द नाही. ऑडिशनबद्दल मी काहीच सांगणार नाही, कारण ती तिने मागितलेली नाही.

आता ‘पोरांची गाणी म्हणजे काही गाणं नव्हे’ याबद्दल. थोर गायक विष्णु दिगंबर पलुस्कर तुमच्याच मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकले. १९०१ मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि नवशिक्या मुलांसाठी क्रमिक पुस्तकंही लिहिली. त्यांना ते काम हलकं वाटलं नाही. ते सोपंही नाही. तुमची मुलगी बहुधा काळी पाच किंवा काळी चारमध्ये, म्हणजे पेटीची ती पट्टी ‘सा’ धरून, गात असेल. त्याच पट्टीत चाल मंद्र पंचमाला (खालच्या सप्तकातल्या ‘प’ला) उतरली की सहा-सात वर्षांच्या पोरांचा आवाज तिथे पोचत नाही. ती ओळ गाण्याऐवजी बोलून टाकतात आणि आपण म्हणतो, पोरगं बेसूर आहे. पट्टी वर, पांढरी दोनवर घेतली आणि चाल मध्य षड्जापासून धैवतापर्यंत (मधल्या ‘सा’पासून ‘ध’पर्यंत) ठेवली, तर तीच पोरं सुरात येतात. त्यावर तार षड्ज (वरचा ‘सा’) लांबवला की किंचाळतात. ओळ चार-पाच सेकंदांहून लांब असेल तर श्वास मधेच, शब्द तोडून घेतला जातो. द्रुत लयीत जोडाक्षरं आली की शब्द गिळले जातात. टाळ्या सुरू झाल्या की केरवा ताल पळायला लागतो; तेव्हा टाळ्या थांबवून पोरांना जागच्या जागी पावलं टाकायला लावावी, लय पुन्हा बसते. शिकवताना पेटी बंद ठेवायची, कारण तिच्या आवाजाखाली पोरांना स्वतःचा सूर ऐकू येत नाही. एक ओळ आपण म्हणायची, मग गप्प राहून त्यांचं ऐकायचं. एका बैठकीत एकच कडवं. हे सगळं सांभाळून चाल लावणं ही कारागिरी आहे आणि पंधराव्या वर्षी ती हाताशी येत असेल, तर तुमच्या घरात मोठी गोष्ट घडते आहे.

सायन्सचं म्हणाल, तर जेईई-नीटची वाट तुम्हाला माहीत आहेच. तिला ते विषय आवडत असतील तरच घ्या. नाहीतर अकरावीला कला शाखा, सोबत गायनातली विशारद परीक्षा, पुढे संगीतातली पदवी. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात संगीत विभाग आहे, मिरजेपासून तासा-दीड तासावर. केंद्रीय विद्यालयात प्राथमिक वर्गांना संगीत शिक्षक असतो, त्याला बारावीला किमान ५० टक्के आणि संगीताची पदवी लागते. म्हणून बारावीचे मार्क सोडून चालणार नाही. आपल्या मराठी शाळांत मात्र संगीत शिक्षकाच्या जागा फार थोड्या. निव्वळ त्या भरवशावर राहू नका. बालशिक्षणाची पदविका किंवा बी.एड. जोडली तर बालवाडीपासून नाट्यशिबिरांपर्यंत कामाचा परीघ वाढतो.

यूट्यूबचा विचार तुमच्या मनात येईलच. ‘मुलांसाठी’ अशी नोंद असलेल्या व्हिडिओवर २०२० पासून कमेंट बंद असतात आणि प्रेक्षकाची आवड पाहून दाखवल्या जाणाऱ्या जाहिराती लागत नाहीत, त्यामुळे उत्पन्न तुटपुंजं. गल्लीतल्या पोरांचे चेहरे टाकायचे तर प्रत्येकाच्या आईवडिलांची परवानगी आधी घ्या.

बोर्डाची परीक्षा झाल्यावर मे महिन्यात तिला दहा दिवसांचं शिबिर घेऊ द्या. सकाळी एक तास, सहा ते नऊ वर्षांची पंधरा मुलं, तीन गाणी, शेवटच्या दिवशी पालकांसमोर सादरीकरण. फी थोडी का होईना, जरूर ठेवा आणि त्या पैशांचा हिशेब तिलाच लिहू द्या. सतरंज्या अंथरायला आणि दाराशी पोरांच्या चपला लावायला तुम्ही थांबा.